हात वर करा, पंच येतील!

परदेशी जाऊन आलेल्या बाईनं कशावर लिहावं, याचे विषय आता ठरून गेले आहेत. रस्ते किती स्वच्छ, वांगी केवढाली, भांडी यंत्रात कशी घासून निघतात आणि आपली माणसं तिथंही गणपती किती हौसेनं बसवतात! २०२४ च्या मे-जूनमध्ये पाच आठवडे मी मुलाला घेऊन अमेरिकेत सिॲटलजवळ ताईकडे राहून आले, तेव्हा हे सगळं मीही डोळे भरून पाहिलं. स्पेस नीडलचा मनोरा पाहिला. पाइक प्लेसच्या बाजारात कोळी लोक हातभर मासे एकमेकांकडे फेकतात, तेही पाहिलं. पण मैत्रिणींनो, यातलं काहीच मी आज सांगणार नाही. आज तुम्हाला नेणार आहे एका पत्त्यांच्या दुकानात!

नाक मुरडू नका हं. तिथं पैसे लावून जुगार चालत नाही. तिथं मी भांडणं सोडवण्याची एक पद्धत पाहिली. घरी एक मुलगा आणि शाळेत अर्धा दिवस पस्तीस मुलांचा वर्ग, म्हणजे रोज दहा-बारा खटले माझ्यासमोर येतात. त्यामुळे मनोऱ्यापेक्षा मला त्या दुकानातच जास्त रस वाटला, यात नवल ते काय?

आधी गाव समजून घ्या. सिॲटलच्या पूर्वेला लेक वॉशिंग्टन नावाचं लांबच लांब सरोवर आहे. त्याच्या पलीकडे बेलव्ह्यू, कर्कलंड, रेडमंड ही गावं. रेडमंडला मायक्रोसॉफ्टचं मोठं ठाणं, म्हणून या भागात मराठी घरं पुष्कळ. भाजीच्या दुकानात रांगेत उभं राहिलं तरी मागून ‘अगं, कोथिंबीर घेतलीस का?’ असं ऐकू येतं. सरोवरावरून सिॲटलला जाणारा एक पूल चक्क पाण्यावर तरंगतो. २०१६ साली खुला झालेला हा पूल तरंगत्या पुलांत जगातला सर्वांत लांब. तरंगता भागच सव्वादोन किलोमीटरच्या वर भरतो. हवा बहुतेक ढगाळ. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता भुरभुरत राहतो. आणि एखाद्या दिवशी ढग हटले, की दक्षिणेला बर्फानं माखलेला माउंट रेनियर असा काही उभा राहतो, की गाडी चालवणारी माणसंही क्षणभर तिकडे बघतात.

अशा भुरभुर पावसाच्या गावी घरात बसून खेळायचे खेळ फोफावले नाहीत तरच नवल. आमच्या ताईचा मुलगा, म्हणजे माझा चौदा वर्षांचा भाचा, ज्या खेळासाठी जीव टाकतो, तो ‘मॅजिक : द गॅदरिंग’ याच भागातल्या एका कंपनीनं काढला. १९९० साली सिॲटलच्या बाहेर ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ नावाची छोटी कंपनी निघाली. सरोवराच्या दक्षिण टोकाला रेंटन म्हणून गाव आहे, तिथं तिची मोठी कचेरी झाली. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणिताच्या अभ्यासकानं कंपनीच्या मालकांना आधी वेगळाच एक खेळ दाखवला होता. तो छापायला महाग पडणार होता. तेव्हा त्यांनी सांगितलं, की खिशात मावेल, स्वस्तात छापता येईल आणि मधल्या मोकळ्या वेळात पटकन खेळता येईल असं काहीतरी काढा. त्यातून ऑगस्ट १९९३ मध्ये हा पत्त्यांचा खेळ बाजारात आला. पुढं गारफिल्डसाहेब कॉलेजात गणितही शिकवत असत. खेळ काढणारा मास्तर निघाला, म्हणून मला उगीचच आपुलकी वाटली!

आपल्या बावन्न पानांच्या कॅटाशी किंवा सावंतवाडीच्या गोल गंजिफेशी या पत्त्यांचं नातं नावापुरतंच. आपल्याकडे कॅट एकच आणि सगळ्यांनी त्यातलीच पानं वाटून घ्यायची. इथं प्रत्येकाचा कॅट त्याचा स्वतःचा, स्वतः जमवलेला. सुरुवातीला दोघांकडे वीस-वीस प्राण असतात. कुणाचे प्राण आधी शून्यावर येतात, तो हरला. प्रत्येक पानावर चित्र, आणि चित्राखाली त्या पानानं काय होतं त्याचं एखादं-दुसरं वाक्य. आजवर वेगवेगळी अशी पंचवीस हजारांच्या वर पानं निघाली आहेत! म्हणजे पंचवीस हजार वाक्यं, आणि कुठलंही वाक्य कुठल्याही वाक्यासमोर येऊन उभं राहू शकतं. मग वाद नाही झाले तर काय होणार?

म्हणून या खेळाचं नियमांचं पुस्तक अडीचशे पानांच्या वर गेलं आहे. भाच्यानं त्यातले दोन नियम मला अगदी सुरुवातीला ऐकवले. पहिला असा, की पुस्तकातला नियम आणि पानावरचं वाक्य यांचं जुळलं नाही, तर पानावरचं वाक्य खरं. दुसरा तर मला फारच आवडला. एक पान म्हणतं ‘हे करता येतं’ आणि दुसरं म्हणतं ‘करता येत नाही’, तर ‘नाही’ जिंकतं. मी ताईला म्हटलं, “बघ, मुलांनी सिनेमाला जाऊ का विचारल्यावर बाबा हो म्हणाले आणि आई नाही म्हणाली, तर काय होतं, ते यांनी पुस्तकात घातलंय!”

जूनमधल्या एका शनिवारी भाच्याची स्पर्धा होती. नवा संच विक्रीला येण्याआधी दुकानातून असे सामने भरतात. प्रवेशाचे पैसे भरले, की सहा बंद पाकिटं मिळतात. ती तिथंच फोडायची, त्यातून निदान चाळीस पानांचा कॅट बसवायचा आणि खेळायचं. त्यामुळे घरून भारी पानं आणणाऱ्या श्रीमंताची मिजास चालत नाही. ताईला काम होतं, म्हणून मी आणि माझा नऊ वर्षांचा लेक भाच्याबरोबर गेलो. बघणाऱ्यांना पैसे पडत नाहीत, हे ऐकून मी डब्यात शंकरपाळे भरून घेतले.

दुकानाच्या पुढच्या बाजूला खेळांची कपाटं आणि मागे मोठं दालन. दालनात लांब टेबलं, समोरासमोर खुर्च्या. चाळीसेक माणसं असतील. शाळकरी मुलं, कॉलेजची पोरं, दाढीवाले गृहस्थ, एक आजोबा आणि एक दहा वर्षांची दोन वेण्यांची चिमुरडी. गडबड म्हणावी तर पानं पिसल्याचा आवाज तेवढा. मधूनच कुठंतरी हात वर व्हायचा आणि हाक यायची, “जज!” की काळा शर्ट घातलेली एक बाई शांतपणे त्या टेबलाकडे चालू लागायची. या त्या दिवसाच्या पंच. पन्नाशीच्या आसपास, केस आखूड, चष्मा दोरीला बांधलेला. आठवडाभर त्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात हिशेबाचं काम करतात, हे मला मागाहून कळलं.

खेळ सुरू होण्याआधी त्यांनी सगळ्यांना चार गोष्टी सांगितल्या. शंका आली की हात वर करा. ती तक्रार नव्हे. फेरी पन्नास मिनिटांची. तीनपैकी दोन डाव जिंकेल तो सामना जिंकला. वेळ संपून बरोबरी झाली तर ती बरोबरीच. फासा टाकून किंवा नाणं उडवून निकाल लावायचा नाही आणि बक्षिसाचा वाटा देतो म्हणून समोरच्याला हार मानायलाही सांगायचं नाही. तसं करणाऱ्याला घरी जावं लागेल. आणि मग आम्हा बघ्यांकडे वळून त्या हसत म्हणाल्या, “पालकहो, तुम्ही बघा, पण सुचवू नका. काही गैर दिसलं तर मुलांना ‘जरा थांबा’ म्हणा आणि मला बोलवा.”

अहो, सुचवू नका! कॅरम खेळणाऱ्या मुलाच्या मागं उभं राहून ‘अरे, ती काळी घे, ती काळी’ असं म्हटलं नाही तर आपण आया कसल्या? पण तिथं डोळ्यांनी खूण करणंसुद्धा गुन्हा. मोठ्या स्पर्धेत बाहेरून मदत घेतली किंवा दिली, तर अख्खा सामना जातो म्हणे. मी पदर तोंडात धरायच्या बेतात उभी राहिले. पदर नव्हता, म्हणून शंकरपाळा!

दुसऱ्या फेरीत भाचा एका दाढीवाल्या गृहस्थांसमोर बसला. एक डाव याचा, एक त्यांचा. तिसरा रंगला. भाचा समोरच्याचे प्राण वीस बाजूंच्या फाशावर मोजत होता. जेवढे उरले तेवढा आकडा वर करून ठेवायचा. गृहस्थ मात्र कागदावर पेन्सिलीनं लिहीत होते. शेवटी भाच्यानं तीन प्राणांचा घाव घातला आणि म्हणाला, “संपलं! तुम्ही तिनावर होता.”

गृहस्थ म्हणाले, “नाही रे बाळा, मी चारावर होतो. अजून एक उरलाय.”

भाच्याचा चेहरा असा पडला की काय सांगू! आपल्याकडे इथून पुढं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. आवाज चढतात, ‘मगाशी पण तू असंच केलंस’ सुरू होतं. पण त्याचा हात वर गेला. “जज!”

पंचबाई आल्या. पहिलं वाक्य : पानं उलटी ठेवा आणि हात टेबलावरून काढा. दुसरं : आधी तू सांग, मग ते सांगतील, एक बोलत असताना दुसऱ्यानं बोलायचं नाही. ‘कुणी केलं’ असं त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, “काय झालं?” दोघांचं ऐकून झाल्यावर त्यांनी गृहस्थांचा कागद घेतला. त्यावर आकडे होते : २०, १८, १९, १६, १२, ९, ४. मग भाच्याला त्याचे आकडे आठवून सांगायला लावले. २०, १८, १५, ११, ८, ३. बाईंनी दोन्ही रांगा शेजारी शेजारी मांडल्या आणि बोट ठेवलं ते अठरावर. “इथं एक वाढलाय. कशानं?” गृहस्थांनी टेबलावरचं एक पान दाखवलं. ते मांडलं की मांडणाऱ्याला एक प्राण परत मिळतो, असं त्यावर छापलं होतं. “हे पान त्यांनी मांडलं तेव्हाचं तुला आठवतं?” भाचा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “हो. मी तेव्हा माझी पानं वाचत होतो.”

झालं. चार हाच आकडा खरा ठरला. गृहस्थांचा एक प्राण उरला आणि पुढच्याच खेपेला त्यांनी भाच्याला हरवलं.

भाच्यानं मधे विचारलं होतं, “मला वर दाद मागता येईल?” बाईंनी राग न मानता सांगितलं, “मोठ्या स्पर्धेत मागता आली असती. तिथं मुख्य पंच असतात. साध्या पंचानं निकाल दिला, की त्यांच्याकडे जाता येतं. त्यांचा शब्द शेवटचा. इथं मी एकटीच आहे, म्हणून मुख्यही मीच.” आणि जाताना त्यांनी सामन्याच्या वेळात पाच मिनिटं वाढवून दिली. पंचांमुळे मिनिटभराहून जास्त खेळ थांबला, तर तेवढा वेळ परत द्यायचा, असा नियमच आहे. मला हे फार पटलं. वाद सोडवायला लागलेला वेळ मुलाच्या खेळातून कापायचा नाही!

आणि त्या कागदाचं म्हणाल, तर आपल्याला ते नवीन नाही. दूधवाल्याचं कार्ड आणि आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर, दोन्हीकडे खाडे मांडलेले असले की महिनाअखेरीला भांडण होत नाही. होतं ते कुठं, तर जिथं एकाकडे लेखी आहे आणि दुसऱ्याकडे नुसती आठवण! फासा चुकून कलंडला तर आधीचे आकडे गेले. कागदावर मात्र पायऱ्या राहतात. म्हणून मोठ्या स्पर्धांत प्राण फाशावर मोजायला परवानगीच नाही.

तिसऱ्या फेरीत हरलेल्यांची हरलेल्यांशी गाठ पडते. या पद्धतीला स्विस म्हणतात. हरला म्हणून कुणी घरी जात नाही. ज्याचे जितके गुण, त्याला साधारण तितक्याच गुणांचा प्रतिस्पर्धी मिळतो आणि शेवटपर्यंत सगळे खेळतात. भाच्यासमोर आली ती दोन वेण्यांची मुलगी. तिच्या मागं तिची आई उभी होती, भाच्याच्या मागं मी. दोघी गप्प, दोघींचे हात घट्ट बांधलेले!

मुलीची ही पहिलीच स्पर्धा होती. प्लॅस्टिकच्या नव्या कोऱ्या पाकिटांतली पानं एकमेकांना चिकटत होती. एकदा तिनं कॅटावरचं एक पान उचललं आणि हातात आली दोन. तिच्या लक्षात आलं नाही. भाच्याच्या आलं. त्यानं पुन्हा हात वर केला.

मुलीला वाटलं, हा आपली चहाडी करतोय. तिचे डोळे भरून आले. तिची आई एक पाऊल पुढं आली आणि थांबली. मैत्रिणींनो, तिथं थांबायला काय लागतं, ते आईलाच ठाऊक.

पंचबाई या वेळी टेबलाशी उकिडव्या बसल्या, मुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर. दोघांना विचारलं, पानं मोजली. एक जास्त होतं. कुठलं, ते सांगता येत नव्हतं. मग त्यांनी मुलीच्या हातातली पानं उलटी पिसली, न बघता एक काढलं आणि तिच्या कॅटावर परत ठेवलं. “झालं बेटा. ही शिक्षा नाही, दुरुस्ती आहे. पुढच्या खेपेला हेच पान तुला मिळेल. खेळा.” बस्स! कुणाचे गुण कापले नाहीत, कुणाला माफी मागायला लावली नाही. मुलीनं बाहीनं डोळे पुसले आणि पुढचं पान मांडलं.

वेळ संपली तेव्हा एक-एक डाव झाला होता. नियमाप्रमाणे आणखी पाच खेपा मिळाल्या. त्यातही निकाल लागला नाही. बरोबरी! विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. भाचा जरा खट्टू झाला; पण त्या मुलीचा त्या दिवसातला तो पहिला गुण होता. ती आईकडे एक बोट वर करून धावत गेली. तिची आई आणि मी एकमेकींकडे बघून इतकं हसलो, की जणू आम्हीच सामना खेळलो होतो. मग शंकरपाळ्यांचा डबा उघडला.

फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत पंचबाईंशी बोलणं झालं. शंकरपाळ्यांचा उपयोग होतोच! मी विचारलं, “खोटं कोण बोलतंय ते तुम्हाला कळतं कसं?” त्या म्हणाल्या, “बहुतेक वेळा कुणीच खोटं बोलत नसतं. दोघांना दोन गोष्टी खरंच आठवत असतात.” चूक आणि लबाडी या दोन गोष्टींसाठी त्यांच्याकडे दोन वेगळ्या वाटा आहेत. चूक झाली तर डाव शक्य तितका मूळ जागी आणायचा आणि पुढं जायचं. दुकानातल्या सामन्यांत भर शिकवण्यावर असतो. मोठ्या स्पर्धांत चुकीची ताकीद लिहून ठेवतात, तीच चूक पुन्हा पुन्हा झाली तर डाव जातो. पण जाणूनबुजून फसवलं तर स्पर्धेतून बाद, मग खेळाडू कितीही मोठा असो. संशय आला, तर खेळाडूंना टेबलापासून दूर, एकेकट्याला नेऊन विचारतात, म्हणजे एकाचं ऐकून दुसऱ्याला गोष्ट रचता येत नाही.

एक बारकावा तर मी वहीत लिहूनच घेतला. समोरच्यानं नियमाबाहेरचं काही केलेलं तुम्हाला दिसलं आणि आपल्याला त्यात फायदा आहे म्हणून तुम्ही मुद्दाम गप्प बसलात, तर तीही फसवणूकच. त्यानं त्याचा स्वतःचा फायदा घ्यायचा विसरला, तर मोठ्या स्पर्धेत त्याची आठवण करून द्यायची सक्ती नाही. पण नियम मोडलेला बघून डोळेझाक करायची नाही. नियम सांभाळायची जबाबदारी एकट्या पंचाची नाही, टेबलावरच्या दोघांचीही आहे.

शब्दांवरूनही वाद होतात. ही पानं जपानी, जर्मन अशा कितीतरी भाषांत छापली जातात, शिवाय जुन्या पानांवरची वाक्यं नंतर सुधारलेली असतात. म्हणून प्रत्येक पानाचं अधिकृत वाक्य कंपनी जाहीर करते, आणि पंच निकाल देतात तो त्यावरून. काही पानांच्या वेळी खेळाडूला दुसऱ्या एखाद्या पानाचं नाव घ्यावं लागतं. तेव्हा पूर्ण नाव आठवलं नाही तरी चालतं. वर्णन एकाच पानाला लागू पडलं म्हणजे झालं. दोन पानांना लागू पडत असेल, तर ज्याच्या ते लक्षात येईल त्यानं ‘नक्की कुठलं?’ असं विचारायलाच हवं. माझ्या वर्गात तीन आर्या आहेत. ‘आर्यानं खोडरबर घेतलं’ अशी तक्रार आली, की मी आता आधी हेच विचारते!

आणि पंचांचा निकाल नियमाप्रमाणे असूनही सगळ्यांना पटतोच असं नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत आयर्लंडमधल्या डब्लिन शहरी मोठी स्पर्धा होती. एक खेळाडू आपल्या पाळीत ‘लढाई’ एवढा एकच शब्द बोलला. त्याला हल्ल्याआधी एक छोटी चाल करायची होती. पण त्या काळच्या नियमात त्या शब्दाचा अर्थ ठरलेला होता, की बोलणारा आता थेट हल्ल्याकडे निघाला. पंचांनी तोच अर्थ धरला आणि चाल हुकली. सामना प्रक्षेपित होत होता, त्यामुळे जगभरच्या खेळाडूंत चर्चा उसळली : माणसाचा हेतू बघायचा की शब्द? झालेला निकाल फिरला नाही. पण पुढं त्याच वर्षी तो नियम बदलला. मला दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. डाव चालू असताना नियम एकासाठी वाकवायचा नाही. आणि डाव संपल्यावर नियमच चुकतोय असं दिसलं, तर तो सगळ्यांसाठी दुरुस्त करायचा.

आता आपल्या घराकडे बघू या. मे महिन्यात सगळी आते-मामे भावंडं जमतात. बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन रंगतं. आणि तासाभरात आतून आरोळी येते. आपण पोळ्या लाटता लाटता काय निकाल देतो? ‘तू मोठा ना, मग दे सोडून.’ ‘अरे, ती पाहुणी आली आहे.’ ‘भांडताय काय, आणा इकडे ते पत्ते!’ यात वाद मिटतो, पण सुटत नाही. मोठ्याला कळतं, की खरं असून उपयोग नाही. धाकट्याला कळतं, की रडलं की मिळतं. आणि खरं काय झालं होतं, ते कुणालाच कळत नाही. शाळेतही तेच. ‘बाई, हा बघा ना’ म्हणत आलेल्या मुलाला चहाडखोर ठरवलं, की पुढच्या वेळी तो आपल्याकडे येत नाही, सरळ हात उगारतो. तिथं मात्र हात वर करणाऱ्याला कुणी चहाडखोर म्हणत नव्हतं.

माझ्या लेकानं त्या रात्री गाडीत विचारलं, “दादा, तुझा हात वर गेलाच नसता तर? त्या मुलीला तू हरवलं असतंस की नाही, कुणाला कळणार होतं?” भाचा खिडकीबाहेर बघत होता. नऊ वाजत आले तरी उजेड होता. जरा वेळानं तो म्हणाला, “अरे, तिच्याकडे एक पान जास्त होतं. मी बोललो नसतो तर मीच हरलो असतो.” आणि मग हळूच, “पण ते काका चारावर होते, हे मला कागद असता तर आधीच कळलं असतं.” दुसऱ्या दिवशी त्यानं ताईकडून एक छोटी वही आणि पेन्सिल मागून घेतली. हरल्याचं दुःख होतंच. सकाळी त्यानं पोहेसुद्धा नीट खाल्ले नाहीत. पण अन्याय झाला असं तो एकदाही म्हणाला नाही. मुलांना हरणं सोसतं, मैत्रिणींनो. आपलं कुणी ऐकूनच घेतलं नाही, हे मात्र सोसत नाही.

तेव्हा या सुट्टीत मुलं पत्ते घेऊन बसली, की एवढं करून बघा.

पहिला डाव वाटण्याआधी आजचा पंच कोण, ते ठरवा. तो खेळणाऱ्यांपैकी नको, आणि शक्यतो कुणाची आईही नको. आमच्याकडे शेजारच्या आजींना हा मान दिला आहे. त्यांना मनापासून आवडतो.

गुण कागदावर लिहा. खोडू नका, चुकलं तर खाली नवा आकडा घाला.

वाद झाला की सगळ्यांची पानं उलटी आणि हात मांडीवर. मग एकेकानं बोलायचं.

‘कुणी केलं?’ याच्याऐवजी ‘काय झालं?’ विचारा. या दोन शब्दांनी निम्मा आवाज खाली येतो, हे मी वर्गात पाहिलं आहे.

चूक असेल तर दुरुस्त करा आणि खेळ पुढं न्या. लबाडी असेल, तर त्या दिवसापुरता खेळाबाहेर. पण चुकीला लबाडी म्हणू नका. मूल ते विसरत नाही.

आणि निवाड्यात जेवायची वेळ झाली, तर तेवढा वेळ जेवणानंतर मुलांना परत द्या. पोळ्या थोड्या गार होतील, होऊ द्या.

सिॲटलला कधी गेलात, तर मासे फेकणारे कोळी जरूर बघा. पण एखादी भुरभुर पावसाची शनिवारची दुपार पत्त्यांच्या दुकानासाठीही ठेवा. कडेला उभं राहून बघायला तिकीट नाही. अट एकच, चाल सुचवायची नाही. बरोबर एखादा खाऊचा डबा असू द्या, म्हणजे तोंड बंद ठेवायला बरं पडतं!